पाच जणांची इर्जिक

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी पहिल्याच तासाला माझे डोळे मिटू लागले, तेव्हा इतिहासाच्या सरांनी मला उभे केले आणि विचारले, "रात्री कुठे होतास?" झोपेच्या गुंगीत माझ्या तोंडून खरे तेच निघून गेले. मी म्हणालो, "डंजनमध्ये होतो, सर." डंजन म्हणजे किल्ल्याच्या तळघरातला तुरुंग. वर्ग खो खो हसला. सरही हसले आणि म्हणाले, "कोणत्या गुन्ह्यासाठी? आणि सोबत कोण होते?" मी सांगितले, आम्ही पाच जण होतो. त्यावर सर म्हणाले, "पाच जण ठरवून रात्री अकराला तुरुंगात जाता, म्हणजे त्यात काहीतरी असले पाहिजे. वार्षिकांकासाठी लिहून दे. पण मला कळेल असे लिही."

प्रस्तुत लेख हे त्या आज्ञेचे पालन होय. ज्यांनी आयुष्यात मोबाईलवर एकही खेळ खेळलेला नाही अशा वाचकांनाही हा प्रकार समजावा एवढाच माझा हेतू आहे. जे रोज खेळतात त्या मित्रांनी पहिली दोन पाने चाळून पुढे जावे. मात्र मधल्या एका रात्रीची हकिगत त्यांनी अवश्य वाचावी.

खेळ कोणता?

आमचे वाटूर जालना–मंठा रस्त्यावर आहे. फाट्यावर उतरलेला प्रवासी चहा पितो, परतूरची गाडी धरतो आणि निघून जातो. त्याला असे वाटत असेल की, संध्याकाळनंतर येथे काहीच घडत नसावे. पण रात्री नऊनंतर गावातल्या कोणत्याही ओट्यावर पाहा, चार पोरे माना खाली घालून बसलेली दिसतील. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात. वास्तविक त्यांत तीन जाती आहेत.

पहिला प्रकार पैसे लावून खेळण्याचा. तो खेळ नव्हेच, तो जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा गावातल्या कित्येक आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसरा प्रकार गोळीबाराचा. 'पबजी'वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' या नव्या नावाने आला. त्यात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो गट उरतो तो जिंकतो. तिसरा प्रकार आमचा. त्यात खेळाडू एक पात्र घेतो, त्या पात्राला शस्त्र, चिलखत, कसब मिळवून देत महिनोन्‌महिने वाढवतो आणि हजारो इतर लोकांबरोबर एकाच काल्पनिक जगात वावरतो. याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपल्या भाषेत सोंगाचा खेळ म्हणा. भारुडात जसे सोंग घेतात तसे.

आम्ही खेळतो त्या खेळाचे नाव 'अल्बियन ऑनलाइन'. बर्लिन शहरातल्या 'सँडबॉक्स इंटरॅक्टिव्ह' या मंडळींनी तो जुलै २०१७ मध्ये बाजारात आणला. जून २०२१ मध्ये तो मोबाईलवर आला, आणि मार्च २०२३ मध्ये आशियातल्या खेळाडूंसाठी वेगळा सर्व्हर सुरू झाला. आमच्या दृष्टीने या तिन्हींत शेवटची तारीख महत्त्वाची, कारण सर्व्हर जितका दूर तितकी आज्ञा उशिरा पोहोचते. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा आकडा दिसतो. तो शंभराच्या आसपास असला तर सर्व ठीक. तीनशेच्या वर गेला की आपण पळालो असे आपल्याला वाटते, पण तिकडच्या जगात आपण अजून जागच्या जागी उभे असतो आणि मार खातो.

या जगात एकट्याने करण्याची कामेही पुष्कळ आहेत. लाकूड तोडावे, धातू खणावा, बाजारात विकावा. पण काही जागा अशा बांधलेल्या आहेत की तेथे एकट्याने जाणे म्हणजे मरणेच. पाच जणांनीच उतरावे अशा त्या भुयारांना ग्रुप डंजन म्हणतात. तशाच आणखी काही मोहिमा असतात, त्यांना एक्स्पिडिशन म्हणतात. या लेखाचा विषय एवढाच: हे पाच जण आत नेमके करतात काय?

तीन कामे

आत जाणाऱ्या पाच जणांची कामे तीन. पहिला 'टँक'. शब्दशः रणगाडा. याच्या अंगावर जाड चिलखत आणि हातात गदा. मारण्यात तो कच्चा असतो. त्याचे काम मार खाण्याचे. दुसरा 'हीलर', म्हणजे आमचा वैद्य. त्याच्या हाती एक मंत्राची काठी असते आणि तो इतरांच्या जखमा भरून काढतो. उरलेले तिघे 'डॅमेज'. धनुष्य, आगीची काठी, तलवार घेऊन शत्रूला लोळवायचे, हे त्यांचे काम.

शत्रू म्हणजे कोणी माणूस नव्हे. यंत्राने चालवलेला राक्षस. त्याला आम्ही बॉस म्हणतो. या बॉसची एक सवय आहे: ज्याच्यावर त्याचा राग जास्त, त्याच्यावर तो धावतो. राग कशाने वाढतो? मार दिल्याने. म्हणून डॅमेजवाल्याने आत शिरताच सपाट्याने बाण सोडले की बॉस टँकला सोडून त्याच्याकडे वळतो आणि दोन फटक्यांत त्याला आडवा करतो. तेव्हा पहिला नियम असा की, टँकने पुढे व्हावे, बॉसला डिवचून त्याचा सगळा राग स्वतःवर ओढून घ्यावा, त्याचे तोंड भिंतीकडे फिरवावे, आणि तोवर बाकीच्यांनी हात बांधून थांबावे. हे दोन-तीन क्षणांचे थांबणे हाच या खेळातला पहिला धडा. नव्या पोराला तो शिकायला महिना लागतो.

दुसरा नियम जमिनीकडे पाहण्याचा. बॉस मोठा घाव घालण्यापूर्वी जमिनीवर लाल घेरा उमटतो. त्यातून बाहेर पडायला क्षणभर वेळ असतो. फोनवर आम्ही एकमेकांशी बोलत असतो. कोणीतरी ओरडतो, "घेरा आला, माघं सर!" आणि सगळे पांगतात. तिसरा नियम मंत्र तोडण्याचा. बॉस मधूनच उभा राहून मंत्र म्हणू लागतो. तो पुरा झाला तर सगळेच मरतात. तेव्हा तो मध्येच तोडावा लागतो, आणि तोडण्याची युक्ती ज्याच्याकडे आहे त्याने ती दुसऱ्या कशावर खर्च करून चालत नाही, कारण एकदा वापरली की ती पुन्हा हाती यायला ठरावीक सेकंद जावे लागतात. चौथा नियम, बॉसने बोलावलेल्या पिल्लांचा. ती वैद्याकडे धावतात. तेव्हा हातातला शिकार सोडून आधी वैद्य वाचवावा.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की, या चारही नियमांत 'जोरात मारा' असा नियम नाही. आमच्या अनुभवाने बहुतेक मोहिमा कमी मारल्यामुळे फसत नाहीत. त्या कोणीतरी आपली जागा सोडल्यामुळे फसतात.

ही रीत आली कोठून?

बरोबरीने खेळण्याचा हा प्रकार आपल्याला नवा वाटला तरी त्याचे वय जवळजवळ अर्ध्या शतकाचे आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हते. पडद्यावर नुसती वाक्ये उमटत: तुम्ही एका गुहेत आहात, उत्तरेला वाट आहे. पण एकाच गुहेत एकाच वेळी अनेक माणसे असू शकत, ही गोष्ट तेव्हा अपूर्व होती. या बार्टल महाशयांनी पुढे १९९६ मध्ये एक निबंध लिहून खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. चौकट म्हणजे मिळकतीमागे धावणारे, इस्पिक म्हणजे कानाकोपरे धुंडाळणारे, बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे, आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात सुख मानणारे. आमच्या पाच जणांत दोन चौकट, एक इस्पिक, एक बदाम आणि एक अधूनमधून किलवर आहे. तो कोण हे सांगत नाही.

पुढे मार्च १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे अमेरिकी खेळ आले आणि मार खाणारा, बरे करणारा व मारणारा ही तीन कामांची वाटणी पक्की झाली. 'वॉरक्राफ्ट'मधल्या 'मोल्टन कोर' नावाच्या ज्वालामुखीच्या गुहेत चाळीस जण एकदम उतरत. चाळीस माणसे, एका वेळी, एका सुरात! आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत चाळीस माणसे वेळेवर बसवून दाखवावीत, म्हणजे त्यातली अडचण समजेल. रचणाऱ्यांनाही ती समजली असावी. २००७ च्या सुरुवातीला निघालेल्या पुढच्या भागात मोठ्या मोहिमांचा आकडा पंचवीसवर आणला गेला.

येथे एक प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. खेळ रचणाऱ्याने अशी वाटणी का केली? एकाच पात्राला मारणे, सोसणे आणि बरे करणे ही तिन्ही कामे का दिली नाहीत? उत्तर सोपे आहे. ज्याला सर्व येते त्याला कोणाची गरज उरत नाही. प्रत्येकाला मुद्दाम अपुरे ठेवले आहे, म्हणून सर्वांना एकमेकांकडे पाहावे लागते.

लुटीचा हिशेब

बॉस पडला की पेटी उघडते. त्यात चांदी असते, शस्त्रे असतात, बाजारात विकण्याजोगे बरेच काही असते. आणि खरे सांगायचे तर पाच जणांची खरी परीक्षा येथे सुरू होते. राक्षसासमोर न भांडणारी माणसे पेटीसमोर भांडतात.

हा तंटाही जुना आहे. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये एकेका ड्रॅगनला मारण्यासाठी डझनावारी माणसे लागत, पण ड्रॅगनकडून मिळणाऱ्या चीजवस्तू दोन-चारच. मग वाटणी कशी करावी? तेव्हा खेळाडूंनी स्वतःच एक हिशेब बसवला. प्रत्येक मोहिमेला हजर राहणाऱ्याच्या नावावर गुण जमा करायचे आणि हवी ती वस्तू त्या गुणांतून 'विकत' घ्यायची. ड्रॅगन मारल्याचे गुण म्हणून त्याला 'डीकेपी' नाव पडले आणि पुढे जगभरच्या गटांनी ती रीत उचलली. खेळ रचणाऱ्यांनी ती सांगितली नव्हती. माणसांनी आपसात विश्वास टिकावा म्हणून शोधून काढली होती.

आमची रीत त्याहून साधी. लूट एकाने घ्यायची, बाजारात विकायची, आलेल्या चांदीचे पाच सारखे भाग करायचे आणि वहीत लिहायचे. ही वही शंभरपानी असून ती माझ्याकडे असते, कारण पाच जणांत अक्षर माझे बरे. वही हाती असली की माणसाला आपण न्यायाधीश आहोत असे वाटू लागते. पुढची हकिगत त्याचीच आहे.

पौषातली ती रात्र

आमचा वैद्य हा पाचांत सर्वांत कमी बोलणारा. त्याचे वडील दम्याने थकलेले, मोठी बहीण सासरी, त्यामुळे अडीच एकराचे सगळे त्याच्याच अंगावर. कॉलेजला तो आठवड्यातून तीन दिवस येई. आम्ही बाकीचे धनुष्य-तलवारी घेऊन मिरवत असताना त्याने आपण होऊन मंत्राची काठी घेतली होती. पहिले सहा महिने आम्ही त्याचे कधी कौतुक केले असेल तर मला आठवत नाही. त्याचे कारणही सांगतो. वैद्याचे काम नीट झाले की ते दिसतच नाही. कोणी मेले नाही, एवढेच दिसते. आणि न मेल्याबद्दल कोण कोणाचे आभार मानतो?

जानेवारीतल्या त्या रात्री आम्ही एका कठीण भुयारात होतो. दोन बॉस पडले होते, त्यांची लूट माझ्या पिशवीत होती, तिसरा आणि शेवटचा अर्ध्यावर आला होता. रात्रीचे अकरा वाजून काही मिनिटे झाली असतील. अचानक वैद्याचे पात्र जागीच उभे राहिले. फोनवर त्याचा आवाज आला, "आलोच, थांबा." आणि तो गेला. टँक ओरडत होता, "आरं बरं कर ना! कुठं गेलता?" पण बरे करायला कोणी नव्हते. आधी टँक पडला, मग एकेक करून आम्ही. चिलखते मोडली, दुरुस्तीचा खर्च बसला, शेवटची पेटी गेली.

तो पंचवीस मिनिटांनी परत आला. त्याने काही सांगण्याआधीच आम्ही चौघांनी त्याला घेरले. माझ्या तोंडचे शब्द मला आजही आठवतात. मी म्हणालो, "अर्ध्यात पळणाऱ्याला वाटा नसतो." आणि वहीत त्याच्या नावापुढे शून्य मांडले. त्या दोन बॉसच्या लुटीतही त्याने घाम गाळला होता, हे मला ठाऊक होते. तरी मी शून्य मांडले. तो फक्त "बरं" म्हणाला आणि पुढचे नऊ दिवस आला नाही.

इर्जिक

नऊ दिवसांत आम्ही दोन वैद्य आणून पाहिले. एक कोठला होता ते कळले नाही, दुसऱ्याची भाषा आम्हांला येत नव्हती. एकाही रात्री आम्ही शेवटच्या बॉसपर्यंत पोहोचलो नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर आजोबांजवळ बसलो होतो. त्यांनी विचारले, "तुझी ती टोळी मोडली का?" मी सगळे सांगितले. खेळ त्यांना कितपत कळला कोण जाणे, पण वाटणीची गोष्ट बरोबर कळली.

ते म्हणाले, "इर्जिक म्हाईत हाय का तुला?"

तरुण वाचकांसाठी सांगतो. पूर्वी एखाद्याची नांगरट मागे पडली, घरात आजारपण आले, बैल मेला, तर तो गावात इर्जिक घाली. ठरल्या दिवशी शेजारपाजारचे शेतकरी आपापली औते-बैल घेऊन त्याच्या रानात उतरत आणि एका दिवसात काम उरकून देत. मजुरी कोणी घेत नसे. ज्याचे रान तो सर्वांना पोटभर जेवू घाली, आणि पुढे दुसऱ्याची वेळ आली की हाही आपली जोडी घेऊन जाई. दोन घरांतच असा पैरा असला तर त्याला सावड म्हणत. ट्रॅक्टर आले, दावणीचे बैल कमी झाले आणि ही रीत मागे पडली.

आजोबा पुढे म्हणाले, "इर्जिकीत भर दुपारी एखाद्याचा बैल बसायचा. मंग काय करायचे? त्या गड्याला जेवायला नको म्हणायचे का? बैल बसला म्हणून गडी उपाशी उठवीत नसतात. सकाळधरनं त्यानं तास काढलेलं असतंच की."

मी गप्प राहिलो. मग त्यांनीच विचारले, "पर त्या पोराचा बैल बसला कामून, ते इचारलं का कुनी?"

कोणीच विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा कारण कळले. त्या आठवड्यात त्यांच्या भागाला शेतीची थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीची होती. लाईट आली की मोटार सुरू करायची आणि गव्हाला पाणी द्यायचे. त्या रात्री मोटार सुरू झाली आणि लगेच बंद पडली, म्हणून वडील तशा थंडीत खोकत खोकत विहिरीकडे निघाले होते. हा धावत गेला, मोटार पुन्हा सुरू केली, वडिलांना घरी पाठवले, दारे लावून दिली आणि बांधावर उभा राहून पुन्हा खेळात आला. त्याचे पाय चिखलात असताना मी त्याला वाटा नाकारत होतो.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे. पर आज बी रातच्याला लाईट हाय."

त्या रात्री आम्ही चौघेही त्याच्या रानात गेलो. दोघांनी बॅटऱ्या धरल्या, एकाने फावडे घेतले, मी दांड फुटतो का ते पाहत हिंडलो. पहाटेपर्यंत सगळ्या सऱ्या भिजल्या. मध्ये वाफा भरेपर्यंत जो वेळ मिळे, त्यात आम्ही शेकोटीजवळ बसून बोलत होतो. तेथे रेंज गावापेक्षा चांगली निघाली, पण त्या रात्री कोणीही डंजनचे नाव काढले नाही. सकाळी त्याच्या आईने आम्हांला भाकरी, पिठले आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. मी वहीतले शून्य खोडून पूर्ण वाटा मांडला तो त्याच ओसरीवर बसून.

काठी हाती घेतल्यावर

हे सगळे मी इतिहासाच्या सरांना सांगितले तेव्हा त्यांनी एक बोचरा प्रश्न टाकला. ते म्हणाले, "ही तुमची कामांची वाटणी म्हणजे जुनी बलुतेदारीच की! एकाने मार खायचा, एकाने मलमपट्टी करायची, आणि शेवटी वाटा." सरांच्या सांगण्यावरून मी त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ साली निघालेले 'गावगाडा' हे पुस्तक ग्रंथालयातून आणून चाळले. त्यावर विचार करून माझे उत्तर असे की, साम्य वरवरचे आहे. गावगाड्यात काम जन्माने ठरे. सुताराचा मुलगा सुतार, आणि गावाबाहेर ज्याला ठेवले त्याला वाटा मिळे तोही उपकार म्हणून. आमच्या खेळात पात्राला जन्मजात काम नाही. 'अल्बियन'मध्ये तर जे शस्त्र हाती घ्याल तेच तुमचे काम. काठी बदलली की काम बदलते. म्हणून मी इर्जिकीशी तुलना करतो; बलुतेदारीशी करणार नाही.

आणि काठी बदलता येते हे मी करूनही पाहिले. फेब्रुवारीत मी धनुष्य ठेवले आणि वैद्याची काठी घेतली. तेव्हा मला तो खेळ पहिल्यांदाच दिसला असे म्हणावे लागेल. धनुर्धर असताना मी फक्त बॉसकडे पाहत असे. वैद्य बॉसकडे क्वचितच पाहतो. त्याचे डोळे पडद्याच्या कडेला असलेल्या पाच पट्ट्यांवर असतात. एकेक पट्टी म्हणजे एकेकाचा जीव. कोणाची पट्टी अर्ध्यावर आली, कोणाला आत्ताच मंत्र द्यावा, कोणाला दोन सेकंद थांबवता येईल, आपली शक्ती संपत आली तर शेवटच्या घावासाठी किती राखावी, हे अखंड गणित चालू असते. दोघे एकदम मरणाच्या दारी असले तर एकाची निवड करावी लागते, आणि ती निवड चुकली तर मरणारा मित्र फोनवर कानातच ओरडतो. पहिल्या आठवड्यात मी टँकला चार वेळा मारले. आमच्या जुन्या वैद्याने एकदाही मला शून्य दिले नाही.

वैद्यांची एक गोष्ट तर वैद्यकशास्त्राच्या नियतकालिकात जाऊन बसली आहे. १३ सप्टेंबर २००५ रोजी 'वॉरक्राफ्ट'मध्ये वीस जणांची एक नवी मोहीम खुली झाली. तिच्यातला बॉस खेळाडूंना एक शाप देई. तो जवळ उभ्या असलेल्याला लागे. हा शाप त्या गुहेतच राहावा अशी योजना होती, पण खेळाडूंच्या पाळीव जनावरांबरोबर तो बाहेर पडला आणि काल्पनिक शहरांत साथ पसरली. नवखी पात्रे पटापट मेली. काही जण पळाले, काहींनी मुद्दाम रोग पसरवला, आणि काही वैद्य आपले काम सोडून अनोळखी लोकांना वाचवायला धावले. २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी 'द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये या घटनेवर लेख लिहून, साथीत माणसे कशी वागतात हे समजून घ्यायला अशा जगांचा उपयोग होईल असे सुचवले. करोनाच्या काळातून गेलेल्या आपल्या पिढीला त्यातली तिन्ही प्रकारची माणसे ओळखीची वाटतील.

दुसरी बाजू

कोणी असे समजू नये की मी या खेळाची जाहिरात करीत आहे. पहिल्या तासाला मला झोप लागली हे मी कबूल केलेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावरचा ताबा सुटणे, जेवण-अभ्यास-नातीगोती यांपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. गेल्या वर्षी माझ्यात पहिले लक्षण होते. पाच जणांच्या खेळात एक फसवी गोष्ट असते: 'माझ्यामुळे चौघे अडतील' या भीतीने माणूस उठतच नाही. म्हणून आम्ही वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिले. आठवड्यातून तीनच रात्री. साडेअकराला बंद, बॉस कितीही अर्ध्यावर असो. आणि घरचे काम निघाले तर जो उठेल त्याला कारण विचारायचे नाही व त्याचा वाटा कापायचा नाही.

तरीही पोरे पडद्यात तोंड घालून एकटी पडतात, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला पटत नाही. नॉर्वेमध्ये मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. स्नायूंच्या असाध्य आजाराने त्याचे शरीर निकामी होत गेले आणि २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. आपला मुलगा आयुष्यभर एकटाच खोलीत खेळत राहिला, त्याला मित्र मिळाले नाहीत, या दुःखात आईवडील होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी लिहिली, आणि त्याच्याबरोबर 'वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्या माणसांची पत्रांवर पत्रे येऊ लागली. त्याने आपल्याला कसा धीर दिला हे लोक सांगत होते. त्यांतले काही जण अंत्यसंस्काराला परदेशाहून आले. २०२४ मध्ये त्याच्या जीवनावरचा माहितीपट सर्वांना पाहायला मिळाला. आम्ही पाचांनी तो एकत्र पाहिला. पाहून झाल्यावर कोणी फारसे बोलले नाही.

शेवटी

आमचा वैद्य या जूनपासून वाळूजला एका कंपनीत कामाला लागला आहे. वडिलांच्या औषधांचा खर्च वाढला, कॉलेज सुटले. शेत यंदा बटईने दिले आहे. त्याची दिवसपाळी असते त्या आठवड्यात तो खोलीवरून रात्री खेळायला येतो. रातपाळीच्या आठवड्यात काठी माझ्याकडे असते. आता मी मेलेल्यांची संख्या बरीच खाली आणली आहे, तरी तो आला की चौघांच्याही आवाजात जो फरक पडतो तो मला ऐकू येतो आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

त्याच्या वडिलांना मागच्या हंगामात गव्हाच्या रानात मदत लागली तेव्हा आम्ही दोनदा जाऊन आलो. इर्जिक म्हणण्याइतके ते मोठे काम नव्हते. सावड म्हणता येईल. फेडायची अजून पुष्कळ बाकी आहे.

राहता राहिला सरांचा प्रश्न. सर, गुन्हा कोणता ते वर लिहिले आहे. तो माझा होता आणि वहीच्या एकोणिसाव्या पानावर त्याची खाडाखोड अजून दिसते. सोबत कोण होते तेही सांगितले. शिक्षा म्हणून आपण हा लेख लिहायला लावलात, तो आज पुरा झाला. रात्रीचे सव्वानऊ वाजले आहेत. आज त्याची दिवसपाळी आहे, आणि चौघे फोनवर माझी वाट पाहत आहेत.